'लोकल' म्हणजे कुठलं? सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणून परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे. मागखातं, डाइंग, शिलाई, पॅकिंग, गोदाम, ऑफिस, सगळं एकाच आवारात. कॉम्प्युटर १४३. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि काही तपशील थोडे हलवलेत, घटनांचा क्रम मात्र घडला तसाच आहे. या कारखान्याचं आयटीचं काम आमच्याकडं असतं. आमच्याकडं म्हणजे मी आणि माझ्या हाताखालची दोन पोरं.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत एखादं सॉफ्टवेअर टाकायचं म्हटलं की आमचा एक पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलाला फिरायचा. एक चक्कर पूर्ण व्हायला आठवडा लागायचा. मग डिव्हाइस मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेतलं. ऑफिसात एक सर्व्हर, प्रत्येक मशिनवर एक छोटा एजंट. सर्व्हरवरनं सांगायचं, एजंटनं करायचं. रात्रीत शंभर मशिनवर अपडेट टाकून सकाळी निवांत चहा प्यायचा.

हे जमतं, कारण एजंट विंडोजच्या 'सिस्टम' खात्यानं चालतो. हे खातं त्या मशिनवर अॅडमिनिस्ट्रेटरच्याही वरचं. ते कुणाला पासवर्ड विचारत नाही, कुणाची परवानगी मागत नाही. यात गैर काही नाही, त्याशिवाय काम होणारच नाही. अट एवढीच की एजंट ज्या फाइली उचलून चालवतो, त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढं तिनंच सगळा घोळ घातला. मागखात्यात नऊ कॉम्प्युटर आहेत, तीन पाळ्यांची माणसं ते वापरतात आणि सगळ्यांना मिळून एकच लॉगिन, 'पाळी' नावाचं. गोदामातल्या लेबलच्या मशिनवरही तेच. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. रात्री दोन वाजता कीबोर्डवर कुणाची बोटं होती हे विचारलं तर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

अडचण

जानेवारी, गड्ड्याचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा आठवडा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं निम्मं गाव रस्त्यावर, कारखान्यातली निम्मी माणसं रजेवर. गुरुवारी संध्याकाळी मी माझ्या मुलाला घेऊन होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत उभा होतो, तेवढ्यात सॉफ्टवेअर कंपनीची सूचना मेलवर आली. एजंटमध्ये लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशनची, म्हणजे मशिनवर आधीच असलेल्या साध्या वापरणाऱ्याला वरचे अधिकार मिळवू देणारी त्रुटी, गुणांकन ७.८. 'लोकल' हा शब्द दिसला आणि मी फोन खिशात टाकला. या प्रकरणातला पहिला निर्णय तो, आणि तो चुकला.

रात्री घरी येऊन नीट वाचलं. विंडोजच्या सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटा नावाचं फोल्डर असतं. एजंट स्वतःची दुरुस्ती किंवा अपडेट करताना त्याच्या आत एक कामाचं फोल्डर तयार करतो, तिथं फाइली उलगडतो आणि 'सिस्टम'च्या अधिकारानं चालवतो. आता प्रोग्रामडेटाचा नियम असा की तिथं साध्यातला साधा वापरणाराही नवं फोल्डर बनवू शकतो, आणि जो बनवेल तो त्याचा मालक. म्हणजे एजंटच्या आधी कुणी त्याच नावाचं फोल्डर बनवून ठेवलं, तर एजंट "हे कुणाचं?" असं विचारत नव्हता. आहे तेच वापरत होता. मालकानं आत आपली फाइल ठेवली की तीही 'सिस्टम' म्हणून चालणार.

दुसऱ्या दिवशी गोदामवाल्या मामांना मी हे असं सांगितलं: सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या वॉचमनकडं आहेत आणि ट्रेमध्ये जी चिठ्ठी पडेल ते काम तो करतो. वॉचमन प्रामाणिक आहे. फक्त ट्रे व्हरांड्यात ठेवलाय. मामा म्हणाले, "मग ट्रे आत घ्या की!" सगळ्या बैठकांमध्ये मिळून एवढा नेमका सल्ला दुसऱ्या कुणी दिला नाही.

७.८ या आकड्याचं थोडं सांगायला हवं. सीव्हीएसएस, म्हणजे त्रुटी किती गंभीर ते मोजायची पद्धत, त्यात ७.० ते ८.९ म्हणजे 'हाय'. सूचनेत आकड्याखाली लिहिलं होतं: हल्ला लोकल, अवघडपणा कमी, लागणारे अधिकार कमी, दुसऱ्या कुणी काही क्लिक करायची गरज नाही, परिणाम तिन्ही बाजूंनी (माहितीची गुप्तता, अचूकता, उपलब्धता) मोठा. यातला 'लोकल' काढून 'नेटवर्क' घातलं तर हाच आकडा ८.८ होतो. दोन्हींत अंतर फक्त एका पायरीचं, आणि ती पायरी म्हणजे मशिनवर कसंबसं पाऊल ठेवणं. आमच्याकडं ती पायरी मॉनिटरला चिकटवलेली होती.

वर दोन दुखणी आमची स्वतःची. सर्व्हर दोन आवृत्त्या मागं होता, कारण एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) नूतनीकरण चार महिने रखडलं होतं. माझं कोटेशन अकाउंट्सच्या फायलीत पडून होतं आणि मीही पाठपुरावा सोडला होता. दुरुस्त आवृत्ती हवी तर आधी पैसे भरा, मग सर्व्हर अपग्रेड करा, मग एजंट. दुसरं दुखणं जास्त वाकडं होतं. त्रुटी जागी होते ती एजंट अपडेट होतानाच. म्हणजे औषध देताना जो दरवाजा उघडायचा, त्याच दरवाज्याची कडी मोडलेली.

पर्याय

शनिवारी सकाळी मालकांसमोर बसलो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सोमवारी रात्री कंटेनर न्हावाशेवाला निघणार होता आणि गोदामातल्या सहा मशिनवर बारकोडची लेबलं छापणं चालू होतं. डिस्पॅच मॅनेजरनी बसल्याबसल्याच सांगून टाकलं, लेबल थांबलं तर कंटेनर थांबला.

अण्णांचा पहिला प्रश्न सरळ होता. "म्हणजे चोर आधी घरात आला पाहिजे ना? मग गेटवर वॉचमन कशाला ठेवलाय?"

मी म्हटलं, "अण्णा, घरात तीन पाळ्यांची माणसं आधीच आहेत. आणि आजकालचा चोर गेटनं येत नाही. अकाउंट्समध्ये कुणी बिल समजून मेलमधली फाइल उघडली की तो घरातलाच झाला. आज असा कुणी आला तर त्याला त्या एका टेबलापुरतं दिसतं. ही त्रुटी राहिली तर ते मशिनच त्याचं होतं."

"असं कुठं झालंय का?"

मी त्यांना जुलै २०२१ चं कासेयाचं प्रकरण सांगितलं. ही कंपनीही असंच मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. तिथली त्रुटी वेगळी होती, सर्व्हरमधली, बाहेरनं आत शिरायची, हेही सांगितलं. उगाच भीती घालण्यात अर्थ नव्हता. पण मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर परक्याच्या हातात गेलं की काय होतं ते त्यात दिसतं: त्याच सॉफ्टवेअरमधनं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) वाटलं गेलं, कंपनीच्याच अंदाजानं १५०० पर्यंत व्यवसाय अडकले आणि स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची सुमारे ८०० दुकानं गल्ले चालेनात म्हणून बंद ठेवावी लागली. युरोपात माल विकणाऱ्या माणसाला हे उदाहरण लगेच कळलं.

मंगळवारपर्यंत काहीच करू नये, असं डिस्पॅचचं म्हणणं. आमच्या एका पोराचं म्हणणं उलट: एजंटच काढून टाकू सगळीकडून, ना रहे बांस. पण एजंट गेला की अँटिव्हायरसचे अपडेट, पॅच, सगळं गेलं आणि आम्ही परत पेन ड्राइव्ह घेऊन फिरणार. लगेच सगळं अपग्रेड करणं शक्यच नव्हतं, शनिवारी पैसे भरले तरी लायसन्स सोमवारी येणार. उरला मधला रस्ता. फोल्डरच्या परवानग्या आत्ता आवळायच्या, म्हणजे मामांचा ट्रे आत घ्यायचा, आणि अपग्रेड कंटेनर गेल्यावर. अण्णांनी एएमसीच्या चेकवर तिथंच सही केली, पण अट घातली की सोमवारी रात्रीपर्यंत लेबलच्या सहा मशिनना हात लावायचा नाही.

मी ती अट मान्य केली. त्यावर पुढं लिहितोच.

काय केलं

शनिवारी दुपारी स्क्रिप्ट (मशिननं ओळीनं पाळायच्या आज्ञांची फाइल) लिहिली: कामाचं फोल्डर नसेल तर बनव, असेल तर साध्या वापरणाऱ्यांचे लिहिण्याचे अधिकार काढ. दोन मशिनवर चालवून बघितली आणि एजंटकरवीच सगळीकडं पाठवली. संध्याकाळपर्यंत डॅशबोर्डवर १३१ हिरवे. बाकीच्यांत सहा लेबलची मशिनं होती आणि सहा लॅपटॉप मार्केटिंगवाल्यांबरोबर गावाबाहेर. त्यातला एक थेट फ्रँकफर्टला, हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या प्रदर्शनात. आमचा सर्व्हर ऑफिसच्या आत, त्यामुळं व्हीपीएन लावल्याशिवाय तो लॅपटॉप आम्हाला दिसत नाही, आणि साहेब हॉटेलच्या वायफायवर.

रविवारी सकाळी फोन सुरू झाले. घड्याळाशेजारच्या एजंटच्या छोट्या चिन्हाला त्याच फोल्डरमध्ये आपली नोंद लिहायची असते, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आता लिहिता येईना म्हणून ते दर दहा मिनिटांनी खिडकी उघडून तक्रार करायचं. कामाला धक्का नव्हता, डोक्याला होता. चिन्ह बंद केलं आणि विषय मिटवला.

दुपारी गोदामात गेलो, ते खरं तर मामांना सोमवारचं वेळापत्रक सांगायला. लेबलच्या मशिनला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, बघायचं नाही असं नव्हतं. तिथला कीबोर्ड म्हणजे कापसाच्या तंतूंची गादी झालेली असते, बोट टेकवलं की आधी पांढरा पुंजका उडतो. मी कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड. वरच्याच ओळीत 'ओनर' लिहिलेलं असतं. तिथं 'सिस्टम' असायला हवं होतं. होतं 'पाळी'.

दोन गोष्टी एकदम डोक्यात आल्या. एक, हे फोल्डर एजंटनं बनवलेलं नाही, या लॉगिननं आत आलेल्या कुणा माणसानं बनवलंय. आणि दुसरी, आमच्या स्क्रिप्टनं परवानग्या बदलल्या होत्या पण मालकी तपासलीच नव्हती. विंडोजमध्ये फोल्डरचा मालक काढून घेतलेल्या परवानग्या स्वतःच परत देऊन घेऊ शकतो. म्हणजे इतरत्रही कुठं असं 'पाळी'च्या मालकीचं फोल्डर असेल, तर तिथला हिरवा ठिपका खोटा नव्हता, बिनकामाचा होता.

तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ लिहून ठेवायचं कारण असं की सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशांनुसार अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. ही तशी घटना आहे की नाही, तेच कळायचं होतं.

मशिन बंद न करता फक्त नेटवर्कची वायर काढली. बंद केलं असतं तर मेमरीत काही असलेलं पुसलं गेलं असतं. मामांनी विचारलं, "आणि लेबल?" शेजारच्या मशिनला दुसरा प्रिंटर जोडून दिला. अण्णांची अट मोडली ती अशी, आणि फोन नंतर केला. ते एवढंच म्हणाले, "कंटेनर जाईल ना?"

सिक्युरिटी लॉग उघडला. विंडोजमध्ये त्याची मर्यादा मुळात २० एमबीच असते, भरला की जुनं खोडून नवं लिहितो. या मशिनवर मागच्या नऊ दिवसांचंच उरलं होतं. फोल्डर बनल्याची तारीख होती ऑगस्टची. म्हणजे बघण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. आतल्या दोन फाइलींच्या डिजिटल सह्या तपासल्या, सॉफ्टवेअर कंपनीच्याच निघाल्या. जरा बरं वाटलं, पण ऑगस्टनंतर मध्ये कुणी दुसरी फाइल ठेवून काढली नसेल, हे सह्या सांगत नाहीत.

मग सगळीकडची मालकी तपासणारी स्क्रिप्ट पाठवली. आणखी चार मशिनं सापडली, तीन मागखात्यात आणि एक शिलाईत. चारही 'पाळी'च्याच मालकीची, तारखाही ऑगस्टच्याच.

रात्री आठच्या सुमारास आमच्या पोरानं स्वतःच्या कपाळावर हात मारला. ऑगस्टमध्ये पाच मशिनवर एजंट बिघडला होता. त्यानं तिथं जाऊन, जे लॉगिन चालू होतं त्यातच, हातानं फोल्डर बनवून फाइली टाकल्या होत्या. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यानं तेव्हा टाकलेले फोटो सापडले, पाचही मशिनचे, तारखा आणि वेळा जुळल्या. अॅडमिनच्या खात्यानं बनवलं असतं तर मालक अॅडमिनिस्ट्रेटर्स दिसला असता आणि आमची दुपार वाचली असती. पोरगा रडवेला झाला होता. मी त्याला काही बोललो नाही, कारण 'आहे त्या लॉगिनमध्ये करून टाक' हे त्याला मीच शिकवलेलं.

सहा तास व्हायला दीड तास बाकी होता. कळवायचं की नाही? फोल्डरचा खुलासा झाला होता, घुसखोरीचा पुरावा नव्हता. अण्णा, त्यांचे सीए आणि मी फोनवर बोललो आणि न कळवायचं ठरलं. पाचही मशिनं मात्र तपासत बसण्यापेक्षा पुसून नव्यानं उभी करायची, यावर एकमत झालं.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट निघाली, ती माझी. मॅनेजमेंट सर्व्हर ज्या खात्यानं चालतो ते सर्व्हिस खातं डोमेन अॅडमिन्समध्ये, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या मशिनवर हुकूम चालणाऱ्या गटात होतं. तीन वर्षांपूर्वी इन्स्टॉल करताना अडत होतं म्हणून मीच घातलेलं, "आत्ता चालू दे, मग काढू." सगळ्या मशिनवरचा लोकल अॅडमिनचा पासवर्डही एकच. याचा अर्थ, एका मागखात्यातल्या मशिनवर कुणी 'सिस्टम' झाला असता, तर तिथल्या लोकल पासवर्डच्या हॅशवर (मशिनवर साठवलेल्या सांकेतिक रूपावर) तो शेजारच्या मशिनवर गेला असता, आणि जिथं हे सर्व्हिस खातं कधी लॉगिन झालं असेल तिथं पूर्ण डोमेन त्याच्या हाताला लागलं असतं. ७.८ या आकड्यात हे धरलेलं नसतं. तो आकडा त्रुटीचा, घर आपलं.

सोमवारी रात्री साडेअकराला कंटेनर निघाला. मंगळवारी सर्व्हर अपग्रेड केला, मग आधी दहा एजंट, मग चाळीस, मग बाकीचे. प्रत्येक तुकडीआधी फोल्डरची मालकी 'सिस्टम'कडं घेतली, नाहीतर अपडेटच्याच क्षणी जुनी त्रुटी उघडी राहिली असती. सर्व्हिस खातं डोमेन अॅडमिन्समधनं काढलं, त्यामुळं नव्या मशिनवर एजंट टाकणं दोन दिवस बंद पडलं, मग त्या कामापुरतं वेगळं खातं केलं. लोकल अॅडमिनसाठी लॅप्स लावलं, म्हणजे प्रत्येक मशिनचा पासवर्ड वेगळा आणि आपोआप बदलणारा. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आलंय, वेगळे पैसे नाहीत, तरी आम्ही तोवर लावलं नव्हतं. याला माझ्याकडं उत्तर नाही.

निकाल

नऊ दिवसांत १४१ मशिनवर नवा एजंट गेला. शेवटचा नंबर फ्रँकफर्टच्या लॅपटॉपचा, साहेब परत आल्यावर.

राहिली दोन मशिनं, जेकार्डच्या डिझाइनची. त्यांच्यावर विंडोज ७, कारण डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. नवा एजंट विंडोज ७ वर बसत नाही. त्या विंडोजचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तोही गड्ड्याच्याच दिवसांत. दोन्हींवरचा एजंट काढला आणि नेटवर्कच तोडलं. डिझाइनच्या फाइली आता एका ठरलेल्या मशिनवर तपासून पेन ड्राइव्हवरनं जातात. तीन वर्षांपूर्वी ज्या पेन ड्राइव्हला निरोप दिला होता तो अशा रीतीनं परत आला.

घुसखोरी झाल्याचं काही दिसलं नाही. झाली नाही असं मी म्हणत नाही, नऊ दिवसांच्या लॉगवर तसं म्हणता येत नाही.

पुन्हा वेळ आली तर

सूचना आली की आकड्याखालची ओळ वाचायची आणि 'लोकल' दिसलं की आपल्याकडं लोकल कोण कोण आहे ते मोजायचं. आम्ही मोजलं असतं तर 'पाळी' लॉगिनच्या मशिनपासून सुरुवात केली असती, ऑफिसपासून नाही. लेबलची मशिनं शेवटी ठेवायची अट मी मान्य केली ती याच कारणानं चूक होती. सगळ्यात उघडी मशिनं आम्ही सगळ्यात शेवटी ठेवली. सहापैकी एकेक मशिन बाजूला घेत वीस-वीस मिनिटांत काम झालं असतं. रविवारी घाईत मी नेमकं तेच केलं, आणि छपाई थांबली नाही.

कळवण्याबद्दल माझं मत तेव्हापासून बदललंय. त्या रात्री मी "न कळवलेलं चालेल" म्हटलं, आज म्हटलं नसतं. चार वाजता, फोटो सापडायच्या आधीच, संशय म्हणून कळवून मोकळं व्हायला हवं होतं. नंतर खुलासा पाठवता येतो. आपला खुलासा व्हॉट्सअॅपच्या फोटोंवर उभा होता, ते फोटो पोरानं डिलीट केले असते तर? अण्णांच्या सीएंना हे अजून पटलेलं नाही.

त्याच आदेशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. आता सिक्युरिटी लॉगची मर्यादा वाढवलीय आणि ते रोज एका वेगळ्या मशिनवर गोळा होतात. जुनी हार्ड डिस्क लावलीय, खर्च जवळजवळ शून्य. स्क्रिप्टच्या बाबतीत, डॅशबोर्डवर हिरवं दिसलं की आमच्यातला एकजण कुठल्याही पाच मशिनवर जाऊन डोळ्यांनी बघून येतो. मालकीचं आम्हाला आधी सुचलं नाही, आणि गोदामात सहज गेलो नसतो तर सुचलंही नसतं.

एएमसीच्या तारखेचं स्मरणपत्र आता माझ्याऐवजी अण्णांच्या कॅलेंडरमध्ये आहे.

'पाळी' लॉगिनचा प्रश्न अर्धाच सुटलाय. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन आणि हजेरीचं कार्ड टेकवून आत, असं आम्ही सुचवलं. मागखात्यातल्या जॉबरनी (मागांवर देखरेख करणाऱ्यांनी) मला पाळी बदलताना शेजारी उभं केलं आणि घड्याळ बघायला लावलं. एक माणूस बाहेर पडून दुसरा आत यायला चाळीस सेकंद, तेवढ्यात दोन माग धागा तुटून थांबलेले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सध्या तीन मशिनवर कार्ड लावून बघतोय, तिथल्या मॉनिटरवरची चिठ्ठी निघालीय. बाकी सहांवर ती अजून आहे, फक्त पासवर्ड नवा लिहिलाय.